पहिलं बोट

आमच्या गडचिरोलीच्या कॉलेजात माणसाला त्याच्या विषयानं हाक मारायची पद्धत होती. "ओ भूगोल, चहा निवून राह्यला," "इतिहास आज दिसला नाई," असं स्टाफरूममध्ये सर्रास चालायचं. चिमूरहून नोकरीला आलो त्याच दिवशी माझं उराडे हे आडनाव गेलं आणि मी मराठी झालो. विषय वाट्याला आला नाही तो एकाच बाईंच्या. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या जैबुन्निसा शेख. त्यांना प्राचार्यांपासून सायकल स्टँडवाल्यापर्यंत सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत. कॉलेजात आणखी बाया शिकवायच्या, पण त्यांना मॅडमच्या आधी नाव लावावं लागे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटाला कापूस बांधलेला होता. दोन दिवसांनी तो दुसऱ्या बोटावर गेला. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या. शेवटी मला राहवलं नाही.

"मॅडम, भाजी चिरताना लागतं का हो?"

"भाजी चिरता येत असती तर लागलं असतं ना, सर," त्या म्हणाल्या. "मी तर डब्बा मागवते."

मग कळलं की रक्ताचं प्रात्यक्षिक असलं की मॅडम पहिली सुई स्वतःच्या बोटात टोचतात. वर्गात पोरं सुईला भ्यायची. अंगणात विंचू चपलेनं मारणारे पोट्टे इथं पांढरेफटक पडायचे. मॅडम स्पिरिटचा बोळा फिरवून सगळ्यांसमोर हात वर करायच्या, "पहिलं बोट माझं," म्हणायच्या आणि टोचून मोकळ्या व्हायच्या. त्यात पोरांची भीती घालवणं होतंच, पण खरं कारण निराळं होतं. "माझं रक्त कसं दिसते ते मले माहीत आहे," त्या म्हणत. "रंग बिघडला, काच मळकी निघाली, तं माझ्याच थेंबात कळते. मंग दुसऱ्याच्या थेंबावर बोलायचं." त्यांच्या अंगाला कायम स्पिरिटचा आणि त्याखाली किंचित अत्तराचा वास यायचा. पर्समध्ये सुयांची डबी आणि वेलदोड्यांची डबी शेजारी शेजारी असत. मी वेलदोडा मागितला की मुद्दाम आधी सुयांची डबी पुढं करायच्या.

मॅडम चंद्रपूरच्या. परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या आत, पठाणपुरा वेशीकडे त्यांच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. बारीक चणीच्या, उंची बेताची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मनगटात मात्र एकही बांगडी नाही. "लहानपणी एवढ्या पुसल्या, आता पाह्यल्या तरी हात दुखते," असं त्यांचं म्हणणं. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमची दोस्ती टिकली ती यामुळंच असावी.

त्यांचं संसार करायचं वय एका दाराच्या शोधात गेलं, हे मात्र मला ठाऊक होतं. तरुणपणी एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत त्या काही वर्षं होत्या. गोगलगाईच्या मज्जापेशीत केसाहून बारीक काचेची नळी खुपसून आतली वीज मोजायची, हे काम. तिथं त्यांना एक इवलासा प्रवाह दिसला होता. पेशीतलं आम्ल बाहेर पडत होतं. कसंही झिरपत नव्हतं, विजेचा ठरावीक दाब पडला की सुरू होई आणि दाब उतरला की बंद. परीक्षेला आलेल्या थोर गृहस्थांनी मान हलवली आणि तुमच्या नळीची ही गळती आहे म्हणून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, गळती दाब पाहून सुरू होत नसते. वाद तिथंच राहिला, कारण त्याच महिन्यात अब्बांना लकवा झाला आणि त्या चंद्रपूरला परत आल्या. पुन्हा तसली यंत्रं त्यांच्या हाताला लागली नाहीत. आमच्या कॉलेजात आरसा फिरवून उजेड घ्यायचे सूक्ष्मदर्शक होते आणि दुपारी वीज जायची.

हे दार म्हणजे नेमकं काय, ते एकदा त्यांनी मला चहाचा कप पुढ्यात ठेवून समजावलं. मराठीच्या माणसाला कळेल अशा बेतानं.

"चंद्रपूरची मसण खिडकी पाह्यली का तुम्ही?"

परकोटाला मोठ्या वेशी आहेत तशा लहान खिडक्याही आहेत. त्यातल्या एकीतून पूर्वी प्रेतं नेत. मी म्हटलं, पाहिली आहे.

"त्या खिडकीतून माणूस बाहीरच जाते, खांद्यावरून वापस येत नाई. तसं हे दार. रक्तात पांढऱ्या पेशी असते ना, ते जंतूले गिळते, पोटातल्या पिशवीत कोंडते आणि त्या पिशवीत विष सोडते. विष बनवायसाठी पेशी ऋण वीज पिशवीत ढकलते. मंग मागं काय उरते? प्रोटॉन. म्हणजे आम्लाचा जीव. ऋण पिशवीत, धन मागं पेशीत, असं साचत गेलं तं थोड्या टायमानं सगळं अडते, विषाची भट्टीच विझते. म्हणून हे दार पाहिजे. फक्त प्रोटॉनले. फक्त बाहीर. आणि दाब पडल्यावरच."

"नाहीतर?"

"नाई तं जंतू पोटातच जगते. लढणारा मेला आणि शत्रू घरात."

मला त्यातलं निम्मं कळलं, पण ऐकताना बरं वाटलं. त्या सांगत की दूर समुद्रात असे बारीक जीव आहेत जे लाट फुटली की निळे चमकतात, आणि त्या उजेडाच्या मुळाशीही असंच दार असावं असं कोणीतरी म्हणून ठेवलंय. मॅडमनी समुद्र पाहिला नव्हता. पाहायचा मात्र फार होता, आणि तोही त्या चमकण्यासाठी. लाटांबिटांचं त्यांना काही नव्हतं.

'दाब पडल्याशिवाय दार उघडत नाई' हे वाक्य त्या कुठंही लावायच्या. परीक्षा जवळ आल्याशिवाय पुस्तक न उघडणाऱ्या पोरांना, सहीसाठी कागद अडवणाऱ्या हेडक्लार्कला, आणि वर्षभर कविता न लिहिता गॅदरिंगच्या आदल्या दिवशी लिहिणाऱ्या मलाही.

त्या दाराला कुलूपही होतं, आणि ते म्हणजे जस्त. पाण्यात जस्ताचा नुसता अंश असला तरी ते दारात जाऊन बसतं आणि प्रोटॉनची वाट बंद होते. हे वर्गात दाखवायचा मॅडमनी आपल्या ऐपतीत बसणारा मार्ग शोधला होता. काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा. पांढऱ्या पेशी काचेला चिकटून बसतात, बाकीचं रक्त मिठाच्या पाण्यानं धुऊन टाकायचं. मग त्यांना खायला पावाचं खमीर द्यायचं आणि वर एक पिवळा रंग सोडायचा. पेशीनं विष बनवलं की त्या पिवळ्याचे निळेकाळे दाणे होतात. दुसऱ्या काचेवर तेच सगळं, वर जस्ताचं पाणी. तिथं पेशी खमीर गिळते, पण फिकीच राहते.

कॉलेजच्या भांडारात जस्ताचं मीठ नव्हतं. मॅडम सरळ कृषी केंद्रात गेल्या. धानाची पानं तांबडी पडली की शेतकरी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, झिंक सल्फेट टाकतात, ते तिथं पोत्यानं असतं. दुकानदारानं विचारलं, "किती एकरसाठी पाहिजे, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "एका थेंबासाठी." त्यानं चिमूटभर पुडीत बांधून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. बाईंचं शेत फारच लहान दिसतं, असं त्यानं नंतर मला सांगितलं.

या काचा अंगाइतक्या उबेत ठेवाव्या लागत. वीज असली तर बल्बच्या पेटीत. नसली तर मॅडम ओला कापूस घातलेल्या स्टीलच्या डब्यात काचा ठेवायच्या आणि तो डबा शालीखाली पोटाशी धरून बसायच्या. अशा वेळी कोणी काही बोललं तर बोटानं गप्प करायच्या. तान्ह्या पोराला निजवणारी बाई बसते तशा दिसायच्या, आणि मी तसं म्हटलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत.

प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली देवाजी होता. चामोर्शीच्या रस्त्याला त्याचं गाव. थोडं धानाचं शेत, बैलजोडी, आणि कॉलेजची नोकरी. मॅडमच्या काचा तो देव्हाऱ्यातल्या भांड्यांसारख्या पुसायचा. त्याची थोरली पोरगी वनिता, बारा-तेरा वर्षांची, हाडकुळी आणि बडबडी. तिला सतत गळवं व्हायची. काखेत, मानेवर, मांडीवर. एक बसलं की दुसरं. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. ते देवाजीला म्हणाले, हिच्या पांढऱ्या पेशींत जन्मजात दोष आहे का ते बघायला हवं, नागपूरला न्या. मळणी तोंडावर होती. देवाजी मॅडमकडे आला.

"मॅडम, तुम्ही पोरायले दाखवता ना तो निळा रंग, तो माह्या वनीच्या रक्तावर पाहून देता का? नागपूरले जाचं का नाई, तेवढं समजन."

मॅडमनी खूप वेळ विचार केला. मी डॉक्टर नाही, असं दोनदा म्हणाल्या. मग हो म्हणाल्या.

त्या वर्षी रमजान ऐन धानाच्या मळणीत आला होता. मॅडम रोजे कडक पाळायच्या. रोज्यात बोट टोचलं तर रोजा तुटत नाही, हे त्यांना माहीत होतं. मौलवीसाहेबांना विचारून झालं होतं. पण त्यांची अम्मी म्हणायची, रोज्यात आपल्या हातानं आपलं रक्त काढू नये, बेटा. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि रमजानात मॅडम तेवढं एक अम्मीचं ऐकत. त्या महिन्यात रक्ताची प्रात्यक्षिकं त्या ठेवत नसत, म्हणून कधी अडलंही नव्हतं.

वनिताचं रक्त घेतलं त्या दिवशी पहिलं बोट मॅडमचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. रोज्यानं असेल असं मला वाटलं.

"सर, पोरीच्या पेशी खमीर गिळते. पण एक पेशी निळी झाली नाई. एक पण नाई. सगळी काच पाह्यली."

"म्हणजे?"

"म्हणजे तिच्या लढणाऱ्यायजवळ बारूद नाई."

देवाजीला त्यांनी हे हलक्या शब्दांत सांगितलं, तरी सांगायचं ते सांगितलंच. नागपूरला जावं लागेल. आणि तोवर पोरीला तणसाजवळ फिरकू द्यायचं नाही. मळणीनंतर उरतो तो धानाचा पेंढा म्हणजे तणस. ओलसर तणसात बुरशी धरते, तिची बारीक पूड श्वासावाटे छातीत जाते. सगळ्यांना ती पचते. पण ज्याच्या पांढऱ्या पेशीत विष बनत नाही, त्याची छाती त्यानं भरून जाऊ शकते.

आता, झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला तणसाजवळ जाऊ नको म्हणणं सोपं, पण करायचं कसं? बैल तणस खातात. माणसं थंडीत तणस पसरून त्यावर निजतात. अंगणात तणसाचा ढीग असतो आणि गावची सगळी पोरं त्यावर उड्या मारतात. देवाजीनं घरातलं, माळ्यावरचं सगळं तणस काढलं. वनिताची शाळा बंद केली, कारण शाळेच्या वाटेवर खळी होती. पोरगी दारात बसून समोरच्या ढिगावर उड्या मारणाऱ्या पोरांकडे बघायची. बडबड बंद झाली. आणि मग देवाजीनं ठरवलं की बैल ठेवले तर तणस आलंच, तेव्हा जोडी विकायची. ईद झाल्यावर येणाऱ्या बाजाराचा दिवस त्यानं धरला.

हे त्यानं मॅडमना सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. देवाजी गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "वासरं होते तेव्हापासून वाढवले त्यानं." एवढंच.

ईद झाली. शिरखुर्म्याचा डबा घेऊन मॅडम कॉलेजात आल्या. त्या दिवशी बी.एस्सी.चं प्रात्यक्षिक होतं. नेहमीसारखा हात वर झाला, पहिलं बोट माझं. नेहमीसारखी काच उबेत ठेवली, रंग सोडला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्या बघतच राहिल्या.

त्यांच्या पेशी निळ्या झाल्या नव्हत्या.

मला निरोप आला म्हणून मी प्रयोगशाळेत गेलो. पोरांना सुट्टी दिलेली होती. मॅडम स्टुलावर बसून स्वतःचं बोट बघत होत्या.

"सर, या काचेवर भरवसा ठेवला तं मी लहानपणीच मेली पाहिजे होती."

मग त्या उठल्या आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघू लागल्या. रंग तोच. खमीर ताजं. मीठ तेच. राहता राहिलं पाणी. ऊर्ध्वपातन केलेलं शुद्ध पाणी काचेच्या मोठ्या बरणीत असे. ती बरणी जागेवर नव्हती. तिच्या जागी एक नवी कोरी, चकचकीत बादली होती. वर धुतलेलं पांढरं फडकं बांधलेलं. दिवाळीच्या सुट्टीत बरणी तडकली होती. आणि वनिताच्या तपासणीचं पाणी म्हणून देवाजीनं कॉलेजातलं सगळ्यात नवं, सगळ्यात स्वच्छ भांडं निवडलं होतं. राखेनं घासून, तीनदा विसळून.

बादली जस्ती पत्र्याची होती.

शुद्ध पाणी फार भुकेलं असतं, भांड्याचंही खातं, असं मॅडम शिकवायच्या. बादलीचं जस्त पाण्यात उतरलं, पाण्यातून काचेवर आलं आणि प्रत्येक पेशीच्या दारात जाऊन बसलं. पोरीत काही दोष नव्हता, निदान या काचेवरून तसं म्हणता येत नव्हतं. त्या दिवशी तिथं कुणाचंही रक्त फिकंच राहिलं असतं.

मॅडम बादलीच्या कडेला हात ठेवून उभ्या होत्या. मला वाटलं हसतील, कारण कुलूप त्यांच्याच ओळखीचं होतं. पण त्या रडल्या. मी त्यांना तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

"अम्मीची चूक नाई," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "माझं बोट नव्हतं तं दुसऱ्या कोणाचं घ्यायचं होतं. दुनियेत बोटं काय कमी आहे? मले पोरीच्या फिकरमध्ये सुचलंच नाई." मग एकदम, "आज वार कोणता?"

बाजार दुसऱ्या दिवशी होता.

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. औषधाच्या दुकानातून मॅडमनी सलाईनची बंद बाटली घेतली होती. सूक्ष्मदर्शक शालीत गुंडाळून मांडीवर. रस्त्यात खड्डा आला की कंडक्टरच ओरडायचा, "हळू ने रे, मॅडमजवळ मशीन आहे."

आम्ही पोचलो तेव्हा देवाजीच्या अंगणात बैलांच्या शिंगांना तेल लावून झालं होतं. देवाजी हातात कासरा धरून उभा होता. त्याची बायको दाराआड होती आणि वनिता उंबऱ्यावर.

"देवाजी, घडीभर थांब," मॅडम म्हणाल्या. "माह्या हातून चूक झाली. पोरीचं रक्त पुन्हा पाहाचं आहे."

"चूक? तुमच्या हातून?" देवाजी म्हणाला. त्याचा विश्वास बसला नाही. विश्वास बसावा असं त्याला किती वाटत होतं, ते त्याच्या कासरा धरलेल्या हातावरून दिसत होतं.

अंगणात बाज टाकली. मॅडमनी बोळा फिरवला. "पहिलं बोट माझं." मग वनिताचं. मग दोन्ही काचा डब्यात आणि डबा शालीखाली. बाजेवर मॅडम पोटाशी डबा धरून बसल्या आणि त्यांच्याकडे बघत सगळं अंगण बसलं. शेजारपाजारचे आले. बैल तेवढे शेपट्या हलवत होते. बाजाराला जाणाऱ्या गाड्या वेशीवरून निघून गेल्याचं ऐकू आलं, आणि देवाजीनं मान वळवून तिकडं पाहिलं. मला तो वेळ फार जड गेला. मॅडमच्या ओठांची हालचाल होत होती. दुआ असेल.

मग सूक्ष्मदर्शक उन्हाकडे केला, आरसा फिरवला. आधी स्वतःची काच. मॅडमनी मान हलवली. मग दुसरी. त्या इतका वेळ वाकून राहिल्या की देवाजीची बायको दाराआडून बाहेर आली.

"देवाजी, इकडे ये. डोळा लाव."

देवाजीनं कासरा माझ्या हातात दिला. मी बैलांना भितो, पण धरला. तो वाकला.

"निळे दिसून राह्यले," तो म्हणाला. "मॅडम, निळे ठिपकेच ठिपके आहे."

"तिचेच आहे ते. तुह्या वनीचे."

देवाजी बाजूला झाला आणि बैलांकडे गेला. त्यांच्या मानेवर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची बायको मॅडमच्या पाया पडायला वाकली. मॅडमनी तिला मधेच धरलं. "पाया नको पडू बाई, मी माफी मागायले आली."

वनितानं विचारलं, "मॅडम, मंग मी जाऊ काय?"

"कुठी?"

पोरीनं समोरच्या ढिगाकडे बोट केलं. मॅडमनी तिचा हात धरला आणि दोघी गेल्या. पोरीनं उड्या मारल्या. मॅडम चपला काढून तणसावर बसल्या, साडीला, केसांना, चष्म्याच्या दोऱ्याला सगळीकडे तणस. परतीच्या एसटीत त्या वाटभर शिंकत होत्या आणि मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

तरीही त्यांनी वनिताला नागपूरला पाठवलंच. माझ्या काचेवर आता कोणी भरवसा ठेवू नका, म्हणाल्या. तिथंही पेशी चांगल्या निघाल्या. गळवांचं मूळ खरूज निघाली. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं होतं, ते कधी झालंच नव्हतं.

बादलीचं देवाजीला मॅडमनी कधी सांगितलं नाही. "माह्या हातून चूक झाली" एवढंच, आणि ते खरंच होतं. मलाही बजावलं, "त्यानं माया करून घासली ती बादली. त्याच्या कानावर गेलं तं तो जन्मभर घासत बसन मनात." कॉलेजला काचेची नवी बरणी आणि प्लास्टिकची बादली आणून दिली आणि ती जस्ती बादली आपल्या खोलीवर नेली. तिच्यात मोगरा लावला.

त्यानंतरच्या प्रत्येक रमजानात प्रात्यक्षिक असो नसो, मॅडमच्या बोटाला कापूस दिसू लागला. मी एकदा नुसतं पाहिलं. त्या म्हणाल्या, "अम्मीले मी समजावलं."

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना हैदराबादला शिकायला गेलेल्या त्यांच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. परदेशात ते दार सापडलं होतं. प्रवाह दिसला होता तो मॅडमनाही, पण आता ते दार ज्या रेणूचं बनतं तो रेणूच हाती लागला होता. गळती नव्हती ती. मला वाटलं मॅडम त्या थोर परीक्षकांना काही ऐकवतील. त्यांनी गरम जिलेबी मागवली, भूगोल, इतिहास, सगळ्यांना दिली. कशाबद्दल, असं विचारलं तर म्हणाल्या, "एक ओळखीचं दार होतं, त्याचा पत्ता लागला."

नंतर त्या चंद्रपूरला भावाकडे राहायला गेल्या. साखरेनं शरीर पोखरलं होतं, पाय सुजायचे. देवाजी दर वर्षी नवा तांदूळ घेऊन जायचा. एका वर्षी मीही गेलो. सोबत वनिता होती. नर्सिंग शिकत होती, आणि बडबड पुन्हा पहिल्यासारखी. मॅडमना मी पाहिलं ते त्या वेळी शेवटचं.

अंगणात मोगऱ्याची बादली होती. पत्रा गंजून तांबूस झालेला. देवाजी थबकला. "ही आपल्या कॉलेजातली ना, मॅडम?"

"गळत होती," मॅडम म्हणाल्या. मी मोगऱ्याकडे बघत राहिलो.

मॅडम दिवाणावर उशीला टेकून होत्या. फार बारीक झाल्या होत्या. मी वेलदोडा मागितला. त्यांनी पर्समध्ये हात घातला, सुयांची डबी शोधली, ती नव्हती, मग मुकाट वेलदोडा दिला.

वनितानं पिशवीतून साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं. "मॅडम, तुमची पाहून देतो."

"पाह्य बाई. माझ्या बोटायले सवय आहे."

त्यांनी हात पुढं केला. वनितानं तो घेतला नाही. तिनं बोळ्यावर स्पिरिट ओतलं, आपल्याच डाव्या हाताचं बोट पुसलं आणि नवी सुई काढून टोचलं. थेंब पट्टीला लावला. आकडा यायची वाट बघितली.

"हे काय करून राह्यली?" देवाजी म्हणाला.

"मशीन बरोबर आहे का नाई, ते पाह्यलं पाहिजे ना, बाबा," वनिता म्हणाली. "पहिलं बोट माझं."

मॅडमनी डोळे मिटले. "पट्टी वाया घालवली पोट्टीनं," त्या म्हणाल्या, पण आवाज त्यांचा नव्हता. वनितानं आपल्या बोटाला कापूस लावला, दुसरी सुई उघडली आणि मॅडमचा हात मांडीवर घेतला.